रेंज आहे, पण जागा नाही

अनंत चतुर्दशीला बेलबाग चौकापासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत लक्ष्मी रस्त्यावर जो कोणी उभा राहिला असेल, त्याला हा अनुभव नवा नाही. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात, शेजारी फोरजी किंवा फाइव्हजी असे ऐटीत झळकत असते, आणि तरीही मानाच्या गणपतीचा एक साधा फोटो घरच्या ग्रुपवर काही केल्या जात नाही. नुसते गोल चक्र फिरत राहते. चार दिवसांनी त्याच फुटपाथवर, त्याच फोनवरून, तोच फोटो दोन सेकंदांत जातो. मधल्या काळात टॉवर हललेला नसतो, फोन बदललेला नसतो आणि कंपनीनेही काही नवे केलेले नसते.

मराठीत आपण या सगळ्याला ‘रेंज’ हा एकच शब्द वापरतो आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. टॉवरचा संदेश फोनला किती ठळक ऐकू येतो, ही एक गोष्ट आहे. तो टॉवर तुमच्या वाट्याला किती जागा देऊ शकतो, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. काड्या फक्त पहिलीबद्दल सांगतात, आणि तेही ढोबळपणे, कारण किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या याचा जगात कुठलाही एकच नियम नाही. ते फोन बनवणारा ठरवतो. सेटिंगमध्ये खोलवर गेले तर खरा आकडा ‘डीबीएम’ या एककात सापडतो. उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या पुढे गेला तर कठीण. उणे ११० म्हणजे एका वॅटचा शंभर लाख कोटीवा भाग, आणि एवढ्याशा कुजबुजीतूनही फोन शब्द वेचून काढतो, हे एरवी आपल्या लक्षातही येत नाही.

आधी ही कुजबुज कशी येते ते पाहू. रेडिओलहरी प्रकाशाच्याच जातीच्या आहेत आणि प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, धावतात. सरकार या लहरी मोबाइल कंपन्यांना लिलावाने वापरायला देते, त्या बातम्यांत त्यांना बऱ्याचदा ‘ध्वनिलहरी’ म्हटलेले असते, पण ध्वनीला प्रवासासाठी हवा लागते आणि या लहरींना काहीच लागत नाही, तेव्हा तो शब्द सोडून दिलेला बरा. लहर एका सेकंदात जितक्या वेळा वरखाली होते ती तिची वारंवारता, जी हर्ट्झमध्ये मोजतात, आणि तिच्या लगतच्या दोन शिखरांमधले अंतर ही तिची लांबी. एक वाढली की दुसरी तेवढ्याच प्रमाणात घटते. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागते आणि त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. पुण्यात १०१ मेगाहर्ट्झवर लागणाऱ्या विविध भारतीची लहर जेमतेम ३ मीटरांची आहे. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी जास्त, तर फाइव्हजीसाठी जो ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, म्हणजे लगतच्या वारंवारतांचा संच, वापरतात तिथे ती साडेआठ सेंटिमीटरांवर येते.

लांबीचा हा फरक कागदावरचा नाही. लांब लहर अडथळ्याच्या कडेवरून थोडी वळून पलीकडे उतरते आणि भिंतीत कमी शोषली जाते. त्यातच फोनमधला अँटेना लहरीच्या लांबीच्या प्रमाणात लहान करावा लागतो आणि लहान अँटेना हवेतून कमी ऊर्जा गोळा करतो. एकाच प्रकारचे साधे अँटेना घेतले, तर ७०० ऐवजी ३५०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे पाचपट वारंवारतेवर, त्याच अंतरावरून हाती लागणारी ऊर्जा पंचवीस पटींनी कमी होते. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतीआड, किंवा हिंजवडीतल्या उष्णता अडवणाऱ्या थराच्या काचांमागे, फाइव्हजीची खूण मावळून फोरजी का उगवते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. धातूचा तो पातळ थर ऊन परतवतो आणि त्याच न्यायाने लहरीही परतवतो.

यावरून असे वाटेल की कमी वारंवारतेचा पट्टा म्हणजे सोने आणि बाकीचे पितळ. सरकारलाही एकेकाळी तसेच वाटले असावे. २०१६ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची देशभरासाठीची राखीव, म्हणजे बोलीची किमान, किंमत दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये ठेवली होती आणि एकाही कंपनीने बोली लावली नाही. २०२१ मध्येही तो पट्टा तसाच पडून राहिला. २०२२ मध्ये किंमत ३,९२७ कोटींवर आणल्यावर एका कंपनीने, जिओने, तो सर्व परिमंडळांसाठी, म्हणजे दूरसंचारासाठी देशाचे जे भाग पाडले आहेत त्या सगळ्यांसाठी, १० मेगाहर्ट्झच्या जोडीत (फोनकडे यायला १०, टॉवरकडे जायला १०) घेतला. इतरांनी तो न घेण्यामागे पैशांची ओढाताण होतीच, पण ‘१० मेगाहर्ट्झ’ हा आकडाही विसरू नये, कारण लक्ष्मी रस्त्यावरचे कोडे तोच सोडवतो.

पट्ट्याची रुंदी म्हणजे जागा. लहर किती दूर जाते याच्याशी रुंदीचा संबंध नाही. एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येईल, ते रुंदी ठरवते. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवून दिले की दिलेल्या रुंदीच्या पट्ट्यातून, दिलेल्या गोंगाटात, अमुक एका वेगापलीकडे माहिती बिनचूक पाठवता येतच नाही, मग यंत्र कितीही हुशार असो. संदेशाची ताकद वाढवली तर ही मर्यादा थोडीथोडीच वर सरकते. गोंगाट वाढू न देता रुंदी दुप्पट केली तर मर्यादाही थेट दुप्पट होते. म्हणून दूर पोचणाऱ्या पण अरुंद पट्ट्याच्या जोडीला कंपन्यांना जवळ पोचणारा पण रुंद पट्टाही लागतोच. ७०० मेगाहर्ट्झमध्ये १० मेगाहर्ट्झ मिळवताना दमछाक होते, तर ३३०० मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या पट्ट्यात जिओ आणि एअरटेल या दोघांनीही २०२२ मध्ये प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ घेतले. खाली मुळात जागाच थोडी आहे आणि तिच्यावर टीव्ही, विमाने, पोलीस, लष्कर अशा जुन्या कुळांची वहिवाट आहे.

ही जागा वाटली कशी जाते, ते पाहण्यासारखे आहे. टूजीमध्ये २०० किलोहर्ट्झची एक पट्टी घेत आणि तिच्यावरच्या वेळेचे आठ तुकडे पाडून आठ जणांना आळीपाळीने देत. आळी इतकी भरभर फिरे की प्रत्येकाला आपण सलग बोलत आहोत असेच वाटे. नववा माणूस आला की त्याला ‘नेटवर्क व्यस्त’ ऐकू येई. फोरजीत वाटप अधिक बारीक झाले. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १८० किलोहर्ट्झचे १०० गाळे पाडतात आणि कोणता गाळा कोणाच्या फोनला द्यायचा, हे टॉवरवरचे यंत्र दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, नव्याने ठरवते. ज्याला काही पाठवायचे नाही त्याचा गाळा दुसऱ्याला मिळतो. तुळशीबागेतले गाळे इतक्या वेगाने हात बदलू लागले तर काय होईल, अशी कल्पना मनात येऊन हसू येते, पण पद्धत खरोखर तीच आहे.

आता हिशेब करू. दोन-दोन अँटेनांच्या साध्या फोरजी मांडणीत २० मेगाहर्ट्झमधून उतरणीला, म्हणजे टॉवरकडून फोनकडे, आदर्श परिस्थितीत सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट जातात. टॉवरच्या एका बाजूला हजार माणसे उभी आहेत आणि सगळ्यांनी एकदमच काही मागितले असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५० किलोबिट येतात, आणि परिस्थिती आदर्श कधीच नसते. चढणीची, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट तर त्याहून अरुंद असते, कारण फोरजीच्या फोनची ताकद जेमतेम पाव वॅटच्या आत, आणि टॉवरची मात्र काही दहा वॅटची. एरवी आपण पाहतो जास्त आणि पाठवतो कमी, म्हणून ते चालून जाते. मिरवणुकीत नेमके उलट होते. ढोलपथक समोर आले की प्रत्येक हात वर जातो आणि प्रत्येकाला तो क्षण आत्ताच पाठवायचा असतो. त्याआधी फोनला ‘मला गाळा द्या’ अशी विनंती टॉवरकडे करावी लागते आणि शेकडो फोनांनी एकाच क्षणी केलेल्या विनंत्या एकमेकींवर आदळून फुकट जातात. मग फोन थोडा थांबून पुन्हा विचारतो, पुन्हा आदळतो. काड्या मात्र पूर्ण असतात, कारण टॉवर पन्नास पावलांवर, समोरच्याच इमारतीच्या गच्चीवर असतो आणि त्याचा आवाज खणखणीत ऐकू येत असतो. याच गर्दीत साधा कॉल कधीकधी लागून जातो, त्याचे कारण बोलण्याला फारच थोडी जागा पुरते आणि यंत्रणा तिला फोटोच्या आधी रांगेत घेते.

यावर नवा पट्टा हा एकच उपाय नाही. त्याहून जुना आणि माझ्या मते अधिक सुंदर उपाय अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी १९४७ मध्ये एका टिपणात मांडला होता. सगळ्या शहराला एकच दणदणीत टॉवर पुरवण्याऐवजी शहराचे लहान लहान घरांत तुकडे करायचे, प्रत्येक घरात कमी ताकदीचा टॉवर ठेवायचा, आणि एका घरात वापरलेला पट्टा थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या घरात पुन्हा वापरायचा. कोथरूडमध्ये कोणी वापरत असलेला गाळा त्याच क्षणी हडपसरमध्ये दुसऱ्याला देता येतो, कारण दोघांचे आवाज एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. घर जितके लहान, तितका तोच पट्टा अधिक वेळा कामी येतो. ‘सेल’फोन या नावातला ‘सेल’ तो हाच. म्हणूनच शहर दाटले की टॉवर वाढतात, ते बुटके होतात, त्यांचे अँटेना जमिनीकडे झुकवले जातात आणि मोठ्या यात्रांना तर ट्रकवर लादलेले टॉवर आणून उभे करतात. आपल्या गच्चीवर टॉवर नको पण घरात रेंज हवी, हे सोसायटीच्या बैठकीत वारंवार ऐकू येणारे म्हणणे या गणिताच्या थेट विरोधात जाते. टॉवर जवळ असला की फोन स्वतः कमी ताकदीने बोलतो, आणि कानाशी असतो तो फोन. टॉवरच्या किरणोत्सर्गासाठी भारताने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशाची मर्यादा लावली आहे, एवढे सांगून तो विषय इथे सोडतो.

घरांच्या या रचनेचा एक मजेशीर तोटा सिंहगडावर भेटतो. वर पोचल्यावर पुण्याकडे तोंड करून फोन काढला तर काड्या भरपूर असतात आणि इंटरनेट मात्र रखडते. तिथे अडथळा काहीच नाही, हीच अडचण आहे. फोनला खालचे कितीतरी टॉवर एकाच वेळी, जवळजवळ सारख्याच ताकदीने ऐकू येतात आणि फोरजीत ते सगळे बहुधा एकच पट्टा वापरत असल्याने एकाचा संदेश हा दुसऱ्यासाठी गोंगाट ठरतो. शॅनन यांच्या सूत्रात गोंगाट वाढला की वेग घसरतो. खाली शहरात इमारती आणि वेताळ टेकडीसारखे उंचवटे मधे येऊन हे आवाज एकमेकांपासून वेगळे ठेवतात. गडावर ती आडभिंत उरत नाही. ताम्हिणी घाटात मात्र उलटी तऱ्हा आहे: तिथे डोंगरांनी सगळेच टॉवर झाकलेले असतात.

ही जागा मालकीची कोणाच्या, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या एका खटल्यात दिले: लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. त्या पीठावरचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत निवृत्तीनंतर पुण्यातच राहत होते. त्याच वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल कोलकात्याहून दिल्लीला झाला. संपत्ती जनतेची असेल तर ती वाटायची कशी, हा प्रश्न मग अनेक वर्षे चिघळत राहिला आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने २००८ मध्ये लिलावाशिवाय दिलेले १२२ परवाने रद्द केले. त्याच प्रकरणातल्या फौजदारी खटल्यात २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. मोबाइलच्या पट्ट्यांसाठी लिलावाची वाट मात्र पक्की झाली. २०२२ च्या लिलावातून सुमारे दीड लाख कोटींच्या बोली आल्या आणि पट्टे २० वर्षांसाठी दिले गेले.

लिलाव देशाचा एकत्र नसतो. तो २२ परिमंडळांत होतो. पुणेकरांना इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पुणे ‘महाराष्ट्र’ परिमंडळात येते आणि त्यात गोवा आहे, पण मुंबई नाही. मुंबईचे परिमंडळ स्वतंत्र आहे आणि त्यात ठाणे, कल्याण, नवी मुंबई मोडतात. द्रुतगती मार्गाने घाट उतरून गेले की पूर्वी फोनवर रोमिंगची खूण का उमटे, याचे कारण ही सीमा. रोमिंगचे पैसे आता जाणवत नाहीत, पण सीमा कायम आहे. एकाच कंपनीकडे मुंबईत एका पट्ट्यात जेवढी जागा असेल तेवढी पुण्यात असेलच असे नाही, म्हणून ‘मुंबईत याच कंपनीचे नेट पळते’ हा दाखला पुण्यात लागू पडत नाही.

काही जागा तर कोणालाच विकता येत नाही. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी ऐकतात, त्यांचा पल्ला साधारण १२० ते १५०० मेगाहर्ट्झचा आहे, आणि मोबाइलचे ७००, ८५० व ९०० हे पट्टे नेमके त्याच्या पोटात बसतात. तिथे जाणाऱ्याला फोन बंद ठेवायला सांगतात, ते यामुळे. हायड्रोजन वायूची लहर १४२० मेगाहर्ट्झला येते, म्हणून १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर फक्त ऐकण्यासाठी राखून ठेवलेला आहे. त्यात कोणीही बोलायचे नाही.

राहिला फोन. फोनला सगळे पट्टे आपोआप ऐकू येतात, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक पट्ट्यासाठी आत वेगळी गाळणी आणि संदेश मोठा करणारा प्रवर्धक लागतो. तो खर्च निर्माता ज्या बाजारासाठी फोन बनवतो त्या बाजारापुरताच करतो. वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मुलाने हौसेने आणलेला फोन पुण्यात मुका पडे, कारण तिथे जीएसएमचे, म्हणजे टूजीच्या पद्धतीचे, पट्टे ८५० आणि १९०० होते आणि इथे ९०० आणि १८००. फोरजीच्या सुरुवातीच्या काळातही तिकडच्या काही फोनांत आपला २३०० मेगाहर्ट्झचा, क्रमांक ४० चा पट्टा नसे. आता फोन पुष्कळच सर्वभाषी झाले आहेत, तरी विकत घेताना माहितीपत्रकात २८, ५, ८, ३, १, ४०, ४१ आणि फाइव्हजीचा एन ७८ हे क्रमांक आहेत का, एवढे पाहावे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना तर १४ पासून सिमचा कप्पाच नाही. इथे ई-सिम घ्यावे लागते.

पट्टा असूनही फोन मुका राहू शकतो. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्हजी सुरू झाले तेव्हा कितीतरी आयफोनांत हवा तो पट्टा होता, पण कंपनीने डिसेंबरमध्ये नवे सॉफ्टवेअर दिल्यावरच तो उघडला. तसेच, फाइव्हजीची खूण दिसली म्हणजे सगळे फाइव्हजीच आहे असेही नाही. एअरटेलने ज्या पद्धतीने सुरुवात केली, तिच्यात फोन मुख्य दोर फोरजीला बांधून ठेवतो आणि फाइव्हजीची जादा जागा वरून घेतो. जिओची फाइव्हजी स्वतंत्र उभी आहे. आणि टॉवरपासून पुढची वाट बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या फायबरची असते. रस्ता खोदताना ती तुटली की वरच्या लहरी कितीही चांगल्या असोत, पलीकडे काही पोचत नाही. पुण्यात हे कारण नव्याने समजावून सांगावे लागत नाही.

शेवटी बूस्टर. घरात रेंज नाही म्हणून काही जण बाजारातून एक खोके आणतात, गच्चीवर अँटेना लावतात आणि काड्या खरोखर वाढतात. ते खोके आलेला संदेश मोठा करताना आजूबाजूचा गोंगाटही मोठा करून टॉवरच्या कानात ओततो, त्यामुळे त्या घराच्या काड्या वाढतात आणि आळीतल्या सगळ्यांची जागा आक्रसते. परवान्याशिवाय असे यंत्र बसवणे भारतात बेकायदा आहे. ते फक्त परवानाधारक कंपनीच बसवू शकते. दूरसंचार विभागाची माणसे दिशा दाखवणारा अँटेना हातात धरून अशी खोकी शोधत फिरतात आणि ती सापडतात, कारण सतत ओरडणारी वस्तू लपून राहत नाही. जाड भिंतीच्या घरात ब्रॉडबँड असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग चालू करणे हा फुकटचा आणि कायदेशीर मार्ग आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय सर्वांना खुला आहे, आणि त्यावरून केलेला कॉल भिंत ओलांडायच्या भानगडीत न पडता घरातल्या राउटरमधून वायरीने बाहेर जातो.